वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचे अंक आणि आजची जिम

या महिन्यातील निवडक चार पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची आहेत. चारही पत्रे शरीरसौष्ठवाच्या मासिकांशी या ना त्या प्रकारे जोडलेली असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. लेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा असून त्याचे वजन 62 किलो आहे. माझ्या धाकट्या भावाने कॉलेजात असताना जमवलेले बॉडीबिल्डिंगच्या इंग्रजी मासिकांचे गठ्ठे दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली आले. तेव्हापासून हा मुलगा त्यातील एका विजेत्याचे वेळापत्रक जसेच्या तसे पाळतो आहे : आठवड्यातून सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकट्या छातीला वीस सेट (म्हणजे न थांबता केलेल्या वेळांच्या वीस फेऱ्या). चार महिन्यांत वजन दीड किलोने वाढले, पण खांदा दुखतो, अभ्यासाला बसला की पेंगतो आणि आता पावडरच्या डब्यासाठी पैसे मागतो. मासिकात छापलेले हे सगळे खोटे असते का?
— एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सगळे खोटे नसते, पण जे वगळलेले असते त्याचाच त्रास अधिक होतो. विजेत्याच्या नावाने छापलेला लेख पुष्कळदा मासिकाच्या कचेरीत बसलेल्या लेखकाने लिहिलेला असे, आणि त्या कचेरीचा मालक बहुधा केवळ मासिकाचा मालक नसे. जो वायडर यांनी 1940 मध्ये माँट्रियलहून 'युअर फिजीक' हे मासिक सुरू केले, पुढे 'मसल अँड फिटनेस' आणि 1983 मध्ये 'फ्लेक्स' काढले, 1965 मध्ये 'मिस्टर ऑलिम्पिया' ही स्पर्धाही त्यांनीच सुरू केली आणि या सगळ्याबरोबर वजने व पावडरी विकण्याचा व्यवसायही चालवला. म्हणजे स्पर्धा, विजेता, त्याचे मुखपृष्ठावरचे छायाचित्र, आतला लेख आणि शेवटच्या पानावर त्याच्या हातात दिलेला डबा, हे एकाच घरचे असे. आपल्या भावाच्या गठ्ठ्यातील कोणताही अंक मागून उघडून पाहावा. त्या काळचे हिशेबाचे पान तेच आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. वजने विकणाऱ्या यॉर्क बारबेल कंपनीचे बॉब हॉफमन 1932 पासून 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' हे मासिक चालवत. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडच्या काही वजन उचलणाऱ्यांची ताकद अचानक वाढली. मासिकाने त्याचे श्रेय न हलणाऱ्या दांड्यावर जोर लावण्याच्या आयसोमेट्रिक पद्धतीला दिले आणि तिचे साहित्य व अभ्यासक्रम जोरात विकले. ते खेळाडू 1958 मध्ये बाजारात आलेले डायनाबॉल हे स्नायू वाढवणारे औषध (स्टेरॉइड) ही घेत होते, ही गोष्ट मात्र वाचकांपर्यंत पोहोचली नाही. देशोदेशीचे तरुण न हलणारा दांडा ढकलत राहिले आणि आपलीच मेहनत कमी पडते असे समजत राहिले.

वगळलेल्या गोष्टीचे वजन किती असते, हे 1996 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका प्रयोगातून कळते. त्यात 43 पुरुषांचे गट करून दहा आठवडे निरीक्षण केले होते. केवळ व्यायाम करणाऱ्यांचे चरबी वगळून असलेले वजन सुमारे 2 किलोने वाढले. दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, घेऊन व्यायाम मुळीच न करणाऱ्यांचे ते 3 किलोंहून थोडे अधिक वाढले, तर दोन्ही करणाऱ्यांचे सुमारे 6 किलोंनी. आपल्या मुलाच्या हातातील वेळापत्रक ज्या काळातले आहे, त्या काळात वरच्या पातळीवरील स्पर्धकांमध्ये अशा औषधांचा वापर सर्रास होता. त्यांचे शरीर वीस सेटमधून सावरत असे. आपल्या मुलाचे सावरत नाही, आणि यात त्याचा दोष काहीच नाही. उलट, दीड किलो ही त्याची खरी कमाई आहे, हे त्याला आवर्जून सांगावे.

आता करायचे काय? डायनाबॉल येण्यापूर्वीच्या पिढीकडे पाहावे. 1947चे 'मिस्टर अमेरिका' स्टीव्ह रीव्ह्ज आठवड्यातून तीनच दिवस, पण दर वेळी सर्व शरीराचा व्यायाम करत. मुलानेही तीन दिवसांवर यावे, प्रत्येक स्नायूसाठी आठवड्याला दहाच्या आसपास सेट पुरेसे मानावेत आणि रात्रीची झोप व्यायामाचाच भाग समजावी. खांदा आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा आणि तोवर बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून वजन वर ढकलणे) बंद ठेवावा. डब्याबद्दल म्हणाल, तर व्हे पावडर हा दुधाचाच पदार्थ आहे, विष नव्हे. मात्र त्याची गरज आहे का, हे घरच्या ताटावरून ठरवावे. वजन उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात, म्हणजे या मुलाला साधारण 100 ग्रॅम. चार अंड्यांतून 24, अर्ध्या लिटर दुधातून 16, 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून 26, दोन वाट्या घट्ट आमटी किंवा उसळीतून 14, पाच पोळ्यांतून 15 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 6 ग्रॅम मिळतात. बेरीज शंभरावर जाते. एवढे खाणे होतच नसेल, तर डब्याचा विचार करावा आणि त्यावरचा चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक पाहून पक्के बिल घ्यावे. जिममधल्या कोणी बिनलेबलाची बाटली, गोळ्या किंवा इंजेक्शन 'फक्त एक कोर्स' म्हणून पुढे केले, तर ती जिम सोडावी.

प्रश्न : मी 58 वर्षांचा आहे आणि तालमीत वाढलो. आमच्याकडे जोर, बैठका, मुद्गल होते. मग ही मासिके आली, आरसे आले आणि बैठका मारणारा पोरगा दिसेनासा झाला. मासिकांनी आपली परंपरा बुडवली असे म्हणता येईल का?
— एक जुने व्यायामपटू, कळवा

उत्तर : काकांची तक्रार अर्धी मान्य आहे. मात्र परदेशी मासिक आणि देशी तालीम यांची गाठ आपण समजता त्याच्या बरीच आधी पडली होती. युरोपातले प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो यांनी 1898 मध्ये आपले मासिक काढले, त्यातूनच आपली उपकरणे विकली आणि त्यातच जाहीर केलेली शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा 1901 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरवली. पुढे 1904-05च्या सुमारास ते हिंदुस्थानातही प्रयोग करून गेले. सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्या प्रसाराआधी सुमारे दहा वर्षे सँडोच्याच पद्धतीने व्यायाम केला होता आणि तो करून पाहिल्यावर ते नमस्कारांकडे वळले. आपल्याकडे छापील परंपरा नव्हती असेही नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला मराठी व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांचा आहे. एखाद्या जुन्या ग्रंथालयात त्याचे खंड दिसले, तर अवश्य चाळावेत.

मासिकांनी नुकसान केले ते वेगळ्या ठिकाणी. छायाचित्र बहुतेक कमरेच्या वरचे असे, त्यामुळे पोरांना छाती आणि दंड तेवढे दिसू लागले आणि बैठका मागे पडल्या. मीही त्यांतलाच. 1980च्या दशकात ठाणे स्टेशनाबाहेरच्या पदपथावर मिळणारे वर्ष-वर्ष जुने अंक आम्ही आठ जण वर्गणी काढून घेत असू, आणि मधली रंगीत पाने कोणी ठेवायची यावरून भांडणे होत. पायांच्या व्यायामाला हात घालायला चाळिशी उजाडावी लागली.

मात्र त्याच अंकांनी एक चांगली सवय लावली, ती म्हणजे वहीची. तालमीत पाचशे बैठका झाल्या की सहाशे, असा आकडा वाढे. मासिकाने वजन किती, वेळा किती, मागच्या आठवड्यापेक्षा किती वाढले, हे लिहून ठेवायला शिकवले. स्नायू वाढवायचा असेल, तर भार हळूहळू वाढत गेला पाहिजे, ही गोष्ट आमच्या वस्तादांना ठाऊक होती, पण ती लिहून कोणी ठेवत नसे. आपण आजही बैठका मारत असाल, तर हातात वजन घेऊन मारून पाहाव्यात आणि वही ठेवावी. गुडघे कुरकुरत असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : मासिके आता कोण वाचते? आम्ही सगळे मोबाइलवरच पाहतो. मग या जुन्या गोष्टींचा आमच्याशी काय संबंध?
— एक विद्यार्थी, वाशी

उत्तर : पान गेले आणि पडदा आला, पण दाखवायची वस्तू तीच राहिली. स्पर्धेच्या आसपास काढलेल्या छायाचित्रातील शरीर आठवडेच्या आठवडे अन्न आवरून, शेवटी पाणी कमी करून, रंग आणि तेल लावून, प्रकाश साधून तयार केलेले असते आणि ते त्या अवस्थेत एखाद-दोन दिवसच टिकते. मासिक ते महिन्यातून एकदा दाखवी. तुमच्या हातातला फोन दर मिनिटाला दाखवतो. रोज आरशात स्वतःला किडकिडीत समजून कॉलेजच्या कार्यक्रमांना जाणे टाळणारा मित्र आसपास असेल, तर त्याची चेष्टा करू नये. या अवस्थेला 1997 पासून संशोधक 'मसल डिसमॉर्फिया' म्हणतात, आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार होतात.

प्रश्न : मी 34 वर्षांची आहे. जिममधील प्रशिक्षक मला दोन किलोच्या डंबेल्सनी वीस-वीस वेळा व्यायाम देतात आणि 'मॅडम, जड उचललेत तर पुरुषांसारखे दंड होतील' असे म्हणतात. भिंतीवरच्या मासिकांच्या पोस्टरमध्येही स्त्रिया एक तर पुरुषाच्या खांद्याला टेकलेल्या, नाही तर फारच पिळदार दिसतात. माझ्यासारखीने काय समजावे?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : ताई, त्या पोस्टरांच्या कितीतरी आधीचा एक दाखला आपल्या प्रशिक्षकांना सांगावा. 1944 पासून 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ'मध्ये ॲबी स्टॉकटन या व्यायामपटू 'बारबेल्स' नावाचे सदर लिहीत. त्या स्वतः भरपूर वजन उचलत आणि वाचक स्त्रियांनाही तेच सांगत. म्हणजे स्त्रियांनी जड उचलावे, ही गोष्ट बॉडीबिल्डिंगच्या मासिकांत ऐंशी वर्षांपूर्वी छापली जात होती; मासिकांना मुखपृष्ठावर पुरुषाच्या दंडाशेजारची बाई अधिक विकाऊ वाटू लागल्यावर ती आतल्या पानांतून मागे पडली असावी, असे माझे मत आहे.

भीती निराधार आहे. प्रौढ स्त्रीच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या तुलनेत अनेक पटींनी कमी असते, त्यामुळे चुकून पुरुषी दंड होत नाहीत. पोस्टरमधील पिळदार स्त्रीने त्यासाठी कित्येक वर्षे घालवलेली असतात आणि बऱ्याचदा औषधांचीही मदत घेतलेली असते. बाजारातून सात-आठ किलोंची पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेणाऱ्या बाईला दोन किलोचे डंबेल्स देण्यात काही अर्थ नाही. चाळिशीनंतर हाडांची झीज सुरू होते, तेव्हा वजनाचा ताण मिळालेली हाडे कामी येतात.

स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे), रोइंग (वजन अंगाकडे ओढणे) आणि खांद्याचा प्रेस (वजन डोक्यावर ढकलणे) या चार हालचाली आधी रिकाम्या दांड्याने किंवा हलक्या डंबेल्सनी नीट शिकून घ्याव्यात. त्यानंतर आठ ते बारा वेळा करताना शेवटच्या दोन वेळा कठीण वाटतील इतके वजन घ्यावे आणि ते सोपे झाले की वाढवावे. आठवड्यातून दोन दिवसही पुरतात. कंबरेचे जुने दुखणे, रक्तदाब किंवा नुकतेच झालेले बाळंतपण असेल, तर डॉक्टरांशी बोलून मगच सुरू करावे. प्रशिक्षक तरीही दोन किलोंवरच अडून राहिले, तर पाच आणि साडेसात किलोंचे डंबेल्स कोणत्या रॅकवर आहेत, एवढेच त्यांना विचारावे.