व्यापारगटात नवे देश आले, तर जुन्या सदस्यांची शेतमाल निर्यात घटते का?

एकूण निर्यात सहसा घटत नाही, उलट वाढते. मात्र नव्या सदस्यांकडे जो माल मुबलक आणि स्वस्त पिकतो, त्याच्या जुन्या उत्पादकांना झळ बसते. 1 मे 2004 रोजी पोलंड, हंगेरी यांच्यासह 10 देश युरोपीय संघात आले आणि आपसांतील उरलेले सीमाशुल्क संपले. त्यानंतर जर्मनी, नेदरलँड्स यांचे प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ पूर्वेकडे अधिक जाऊ लागले, तर पोलंडची सफरचंदे आणि कोंबडीचे मांस जुन्या सदस्यांच्या बाजारात स्पर्धेला उतरले. अशा निर्यातीची आकडेवारी वाचताना मात्र फार जपावे लागते, हे नाशिकहून द्राक्षनिर्यातीची कागदपत्रे करताना दर हंगामात जाणवते: नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात शुल्क भरून आणि कीटकनाशकांच्या अंशाचे निकष पूर्ण करून उतरलेली आपल्या द्राक्षांची पेटी पुढे पोलंडच्या वॉर्साला विनाशुल्क जाते, आणि तिची नोंद अनेकदा नेदरलँड्सची निर्यात म्हणून होते. शिवाय 2004 पूर्वीच द्विपक्षीय करारांनी बरेच शुल्क उतरले होते, त्यामुळे सगळी वाढ विस्ताराच्या खात्यावर टाकता येणार नाही.