मोटरहोमचा थर्मोस्टॅट काढून टाकला तर चालेल का?

तुमची अडचण अशी: फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेलं डिझेल मोटरहोम चोर्ला घाट चढताना तापतं, काटा लाल रेषेला टेकतो आणि मेकॅनिक म्हणतो, "थर्मोस्टॅट गेलाय, काढून टाकू. गोव्यात थंडी असते कुठे?"

नका काढू. बिघडला असेल तर नवा बसवा, पण आधी तोच बिघडलाय याची खात्री करून घ्या.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा हा सल्ला आपल्याकडे म्हापशापासून मडगावपर्यंत सर्रास मिळतो. पण थर्मोस्टॅटचा संबंध बाहेरच्या थंडीपेक्षा इंजिनातल्या पाण्याशी जास्त. तो म्हणजे या पाण्याच्या वाटेवरची झडप; त्याच्या पोटात मेण असतं. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं. बहुतेकांचा आकडा ८२ किंवा ८८ अंश असतो, तो त्याच्यावर कोरलेलाच मिळेल. आता खरी गोम. बऱ्याच डिझेल इंजिनांत या झडपेच्या खाली दुसरी चकती असते; झडप उघडली की ती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. थर्मोस्टॅटच काढलात तर बायपास कायमचा उघडा, आणि गरम पाण्यातलं काही पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात. म्हणजे घाटात गाडी आणखीच तापणार. सपाटीवर याच्या उलट: इंजिन तापायला वेळ लागतो, गाडी डिझेल जास्त पिते. बीएस-६ गाडी असेल तर डीपीएफमधली (एक्झॉस्टच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळायला इंजिन गरम व्हावंच लागतं. ते थंड राहिलं की काजळी साठत जाते, आणि डीपीएफचं बिल बघाल तेव्हा थर्मोस्टॅट फुकटात मिळाला असं वाटेल.

मी अशा बांधून घेतलेल्या गाड्यांची कामं करतो. 'थर्मोस्टॅट गेलाय' म्हणून आलेल्या गाडीत तो ठणठणीत निघतो, असं पुष्कळदा होतं. आधी रेडिएटरची कॅप बघा. १ बारची कॅप दाब नीट धरत असेल तर पाणी १००ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. तिचं रबर कडक झालं असेल, तर बाकी सगळं धड असूनही चढावर पाणी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून बाहेर येणार. मग पंख्याचा बेल्ट आणि पंखा. मग रेडिएटरची जाळी. डिचोलीच्या खाणपट्ट्यात फिरलेल्या एका गाडीत एसीचा कंडेन्सर (पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये लाल चिखल इतका घट्ट वाळला होता की मागून टॉर्च मारला तर पुढे उजेडाचा ठिपका दिसेना. समोरून मात्र जाळी स्वच्छ! पाण्याचा फवारा इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, आणि प्रेशर कमी ठेवा, नाहीतर पाती वाकतात.

आता थर्मोस्टॅटची परीक्षा. सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा, पंख्यापासून जपून. तो बराच वेळ गार राहून मग एकदम तापला तर झडप उघडते आहे. काटा वर गेला तरी पाइप गारच असेल तर झडप अडकून बंद आहे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर ती उघडी अडकली आहे. अशा वेळी स्कॅनरवर बऱ्याचदा पी०१२८ हा, इंजिन पुरेसं तापत नसल्याचा, कोड येतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपकडे असतो, तिथे ही खूण चालणार नाही. पक्की परीक्षा बाहेर काढूनच होते: दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. मोटरहोममध्ये शेगडी हाताशीच असते, फक्त पातेलं परत जेवणाला वापरू नका. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागून उकळत्या पाण्यात पूर्ण उघडली तर तो चांगला आहे, नवा आणायची गरज नाही.

बदलायचाच ठरला तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या. कूलंट, म्हणजे इंजिनातलं हे पाणी, बादलीत काढा आणि बादली झाकून ठेवा. ते गोड असतं, विषारी असतं, आणि आपल्याकडे कुत्री कुठूनही येतात. हाउसिंगचे, म्हणजे थर्मोस्टॅटवरच्या झाकणाचे, बोल्ट काढून जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. अ‍ॅल्युमिनियमवर छिन्नी चालवणारा मेकॅनिक दिसला तर तिथेच थांबवा. नवा बसवताना स्प्रिंग इंजिनाकडे, आणि कडेला बारीक पिन किंवा भोक असेल तर ते वर, कारण अडकलेली हवा तिथूनच निसटते. पॅकिंग नवंच घ्या. बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळा; अ‍ॅल्युमिनियमचे आटे पटकन जातात.

भरताना विहिरीचं पाणी नको, गंज आणि क्षार आतच बसतात. डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट, बहुधा निम्मं-निम्मं. शिवाय हवा काढणं फार महत्त्वाचं. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा आणि पातळी उतरेल तसं कूलंट घाला. नव्या थर्मोस्टॅटनंतरही गाडी तापली, तर पुष्कळदा आत राहिलेली हवाच कारण असते.

एवढं करूनही बाटलीत सतत बुडबुडे येत असतील किंवा एक्झॉस्टमधून पांढरा धूर निघत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगचा) संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

तुम्ही विचारलंय, तोवर बेळगावला जाऊन येऊ का? माझ्या मते नको. जावंच लागलं तर मोटरहोममधली वापराच्या पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघा, १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि ते पाणी वर जाऊन भरा. केरीच्या पुढे, अंजुणे धरण मागे पडलं की एसी बंद, गिअर खालचा. काटा चढायला लागला तर केबिनचा हीटर पूर्ण गरमवर लावा, बाजूला जागा दिसेल तिथे थांबा, आणि कॅपला तासभर तरी हात लावू नका.