मक्याच्या दाण्याचा जांभळा रंग बघून नवीन वाण लवकर कसे तयार करतात? हे जीएम असतं का?

जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं पीक, हे नाही, हे आधी स्पष्ट सांगते. आणि वाण लवकर तयार होतो तो रंगामुळे नव्हे, डबल हॅप्लॉइड पद्धतीमुळे. रंगाचं काम एवढंच की हजारो दाण्यांतून हवे ते मोजके दाणे नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढता येतात. पण तेवढं जमलं नसतं तर ही पद्धत पैदासकारांना परवडलीच नसती. मी मका पैदासीत काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

संकरित वाणासाठी आधी शुद्ध, म्हणजे पिढ्यानपिढ्या एकसारख्याच राहणाऱ्या, मातृ आणि पितृ ओळी लागतात. जुनी रीत अशी की तुऱ्याला आणि कणसाला पिशव्या बांधायच्या, त्याच झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकायचा आणि हे सहा ते आठ पिढ्या करत राहायचं. वर्षाला दोन हंगाम मिळाले तरी तीन-चार वर्षं यातच जातात.

मक्याच्या पेशीत 20 गुणसूत्रं असतात, 10 आईची आणि 10 बापाची. फक्त आईची 10 घेऊन आलेलं रोप म्हणजे हॅप्लॉइड. त्याची गुणसूत्रं दुप्पट केली की प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती तंतोतंत एकसारख्या होतात, म्हणजे सहा-आठ पिढ्यांचं काम दोन हंगामांत होतं. अडचण ही की निसर्गात असा दाणा हजारात एखादाच. 1959 मध्ये अमेरिकेत मक्याचे जनुकशास्त्रज्ञ एड को यांनी ‘स्टॉक 6’ नावाची ओळ जगापुढे आणली. तिच्यात हे प्रमाण दोन-तीन टक्के होतं. आजच्या ‘इंड्युसर’ ओळींचं, म्हणजे ज्यांच्या परागामुळे हॅप्लॉइड दाणे तयार होतात अशा ओळींचं, मूळ तिच्यात आहे, आणि त्यातल्या चांगल्या ओळी आठ-दहा टक्के हॅप्लॉइड देतात.

म्हणजे शंभर दाण्यांत नव्वद तरी नकोसे. ते ओळखायचे कसे? इथे इंड्युसरमधलं आर1-एनजे हे जांभळा रंग देणारं जनुक कामाला येतं. इंड्युसरचा पराग आपल्या झाडावर टाकतात. मक्यात फलन दुहेरी असतं: एका शुक्रपेशीपासून भ्रूण, दुसरीपासून दाण्यातला पिठाचा भाग. साध्या दाण्यात दोन्हीकडे बापाचं जनुक पोचतं, म्हणून माथाही जांभळा आणि भ्रूणही जांभळा. हॅप्लॉइड दाण्यात पिठाच्या भागाचं फलन नीट झालेलं असतं, म्हणून माथा जांभळाच; पण भ्रूणात बापाची गुणसूत्रं टिकलेली नसतात, म्हणून तो पांढरा राहतो. जांभळा माथा, पांढरा भ्रूण, तो दाणा ठेवायचा. माथ्यालाच रंग नसेल तर पराग दुसरीकडून आला असा संशय घ्यायचा. मला या युक्तीचं आजही कौतुक वाटतं, कारण तिला ना यंत्र लागतं ना रसायन.

तुमच्या जीएमच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. यात बाहेरून जनुक घातलेलं नसतं, मक्यावर मक्याचाच पराग टाकलेला असतो. शिवाय इंड्युसरची गुणसूत्रं हॅप्लॉइडमध्ये उरतच नाहीत, त्यामुळे हा रंग तयार ओळीत जात नाही.

उष्ण कटिबंधातल्या मक्यात मात्र हे इतकं सरळ नसतं. थंड हवामानातले इंड्युसर आपल्याकडे लवकर फुलतात, रोगाला बळी पडतात, त्यांना पराग कमी येतो. म्हणून सिमिट या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन संस्थेने जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाबरोबर उष्ण प्रदेशाला मानवणारे इंड्युसर तयार केले. दुसरी अडचण रंगाचीच. आपल्या बऱ्याच मक्यात सी1-आय हे रंग दाबून टाकणारं जनुक असतं. ते असलं की सगळे दाणे फिके दिसतात आणि निवड करताच येत नाही. मूळचाच जांभळा दाणा असलेल्या वाणातही हीच पंचाईत. अशा वेळी मुळांचा रंग बघतात: इंड्युसरमध्ये संकराने लाल मुळांचं जनुक आणलेलं असलं तर साध्या रोपाची मुळं लालसर येतात आणि हॅप्लॉइडची पांढरी.

निवडलेल्या रोपांना कोल्चिसिन हे रसायन देऊन गुणसूत्रं दुप्पट करतात. ते विषारी आहे, हातमोजे आणि काटेकोर विल्हेवाट हवीच. इथे गळतीही मोठी होते, सगळी रोपं जगत नाहीत आणि जगलेल्यांपैकी सगळ्यांना बी धरत नाही. शेतात लावल्यावरही नजर ठेवावी लागते. जोमदार, जांभळट खोडाचं रोप दिसलं की ते चुकून आलेलं साधं रोप, उपटून टाकायचं. खरं हॅप्लॉइडपासून आलेलं रोप किडकिडीत आणि ताठ पानांचं असतं.

वेळ वाचतो तो ओळी तयार करण्यात. त्यानंतरचे चाचणी संकर आणि ठिकठिकाणच्या चाचण्या टळत नाहीत. त्यामुळे ‘दोन हंगामांत नवीन वाण’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आफ्रिकेत केनियातल्या किबोको इथे 2013 पासून अशा ओळी तयार करण्याची सुविधा आहे. आपल्या जवळ कर्नाटकात कुणिगल इथे बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाबरोबर सिमिटने 2021 मध्ये ती सुरू केली. तुम्ही विद्यार्थी असाल किंवा छोट्या बियाणे कंपनीत असाल, तर डीएच (डबल हॅप्लॉइड) ओळी करायला घेण्याआधी आपल्या वाणाच्या चार-पाच कणसांवर इंड्युसरचा पराग टाकून दाण्यावर रंग उमटतो का ते बघा. नाही उमटला, तर लाल मुळांच्या इंड्युसरचीच चौकशी करा.