वहिनी, पहिल्या क्रूझला निघताय ना? मग बुफेबद्दल हे ऐकाच

नाशिकहून पहाटे निघून मुंबईच्या बंदरावर सोपस्कार उरकेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागतात आणि अख्खं जहाज एकाच वेळी बुफेवर तुटून पडतं. त्या पहिल्या दुपारवरून जेवणाची पारख करू नका.

आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा. खरी चव असते ती समोर करून देतात तिथे: डोसा, आम्लेट, पास्ता. झाकणाखाली तासभर शिजत राहिलेल्या पनीरपेक्षा तो साधा डोसा कितीतरी पटीने चांगला. बुफे उघडल्या उघडल्या जा. शेवटच्या अर्ध्या तासात भात वाळलेला असतो. गरम पदार्थातून वाफ येत नसेल तर सोडून द्या. ५ ते ६० अंशांच्या मधे रेंगाळलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. आणि हात साबणानेच धुवा, मुलांचेही. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

तुमच्याकडे जैन जेवण लागतं, ते बुकिंग करतानाच कळवा. परदेशी जहाजावर ‘भाज्यांचं’ सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, म्हणून दर वेळी विचारायचं, संकोच करायचा नाही.

तिसऱ्या दिवशी तेच ते वाटू लागतं. तेव्हा टेबलावर बसवून वाढतात त्या डायनिंग हॉलमध्ये जा. बहुतेक जहाजांवर तो तिकिटातच येतो. मला स्वतःला तिथलंच जेवण जास्त आवडतं.

घरचं शिजवलेलं सहसा नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला चिवडा चालतो का, ते आधी विचारून ठेवा. आपली काळ्या मसाल्याची मिसळ मात्र परत आल्यावरच!