थर मोज, मग सही कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "सर, इथे रस्त्याच्या बिलातली लाचेची टक्केवारी आधीच ठरलेली असते, मी एकटी काय करणार?" मी तेव्हा विषय बदलला. दोन वाक्यांत तुझी बोळवण करायची नव्हती, म्हणून हे पत्र.

माझी सुरुवात रोजगार हमीच्या कामांवर झाली. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली ती योजना, वि. स. पागे यांचा ध्यास. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कर भरला. आपलं राज्य एवढं मोठं काही करू शकतं, हा विश्वास माझ्या मनात त्या वयात बसला. तो आजही आहे.

तर अशाच एका रस्त्याच्या कामावर पंधरवड्याचं पगारवाटप चालू होतं. एक म्हातारी पुढे आली. हजेरीपटावर तिचे नऊ दिवस मांडलेले. तिने कनवटीची सुतळी काढून टेबलावर ठेवली. रोज घरी जाताना ती एक गाठ मारायची. अकरा गाठी होत्या. "मोज बाबा," एवढंच म्हणाली. कारकुनाला अकरा दिवसांचे पैसे द्यावे लागले.

त्याच रस्त्यावर मुरमाचा थर पंधरा सेंटिमीटर हवा होता. दुपारी पहारीने खड्डा घेऊन पट्टी लावली, तर जेमतेम नऊ. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या नोंदवहीत, मात्र पंधरा लिहून माझ्या आधीच्या माणसाने सही केलेली. त्याबद्दल गावातून एकही तक्रार आली नव्हती. मजुरीला मालक असतो, मुरमाला नसतो.

हाच फरक पुढे मला इंडोनेशियातल्या एका अभ्यासात नीट मांडलेला सापडला. बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञाने जावा बेटावरच्या सहाशेहून अधिक गावांतले रस्ते घेतले. काम संपल्यावर इंजिनिअर पाठवून ते खोदले, माल मोजला आणि कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिला. काही गावांत हिशेबाच्या सभेची आमंत्रणं लोकांना वाटली होती. तिथे मजुरीतली चोरी कमी झाली, मालातली जवळजवळ होती तेवढीच राहिली. काही गावांना मात्र आधीच सांगितलं, की सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी ती शक्यता शंभरात चार इतकीच होती. तिथे खर्चाच्या दर शंभर रुपयांमागे सुमारे आठ रुपये वाचले. पण त्याच गावांत काम चालवणाऱ्यांचे नातेवाईक जास्त संख्येने कामावर लागलेले दिसले. बांधाचं एक भगदाड बुजवलं की पाणी दुसरीकडून झिरपतं, तसं.

म्हणून लोकसहभाग आला की सगळं सुटतं, असं मी तुला सांगणार नाही. थराची जाडी लोकांना वरून दिसत नाही. ती बघण्याचा पगार तुला मिळतो.

लोकांना जे दिसू शकतं ते मात्र दाखवलंच पाहिजे. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात प्राथमिक शाळांसाठी केंद्रातून निघालेल्या दरडोई अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के शाळांपर्यंत पोचत होते. हे आकडे बाहेर आल्यावर सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली, शाळांनाही मिळालेली रक्कम भिंतीवर लावायला सांगितली. २००१ पर्यंत ८० टक्क्यांहून अधिक पैसा पोचू लागला. त्याच काळात तिथे इतर सुधारणाही चालू होत्या, तेव्हा सगळं श्रेय छापील आकड्यांना देऊ नये. तरी किती पैसे निघाले हेच माहीत नसेल, तर हेडमास्तर मागणार तरी काय?

"एवढ्या टक्क्यांनी काय बिघडतं, देश तरी पुढे जातोच आहे," असं तुला ऑफिसात चहाच्या वेळी ऐकायला मिळेल. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण मनातला हिशेब चुकू देऊ नकोस. टक्का ठेकेदार स्वतःच्या खिशातून देत नाही, तो थरातून काढतो. थर पातळ झाला की दुसऱ्या पावसाळ्यात पाणी आत शिरतं, आणि दहा वर्षं टिकायचा रस्ता तिसऱ्या वर्षी पुन्हा अंदाजपत्रकात येतो. मधल्या काळात दुधाची गाडी फाट्यावरच थांबते. बाळंतीण बैलगाडीतून फाट्यापर्यंत आणलेली मी पाहिली आहे. बिलातल्या टक्क्यात हे कुठेच दिसत नाही.

आता तुझ्यापुरतं. कोऱ्या एमबीवर सही करायची नाही, कितीही घाई असो, कोणीही समोर बसलेलं असो. वरचा थर पडायच्या आधी खालचा स्वतः मोज, कारण डांबर पडल्यावर तो कोणालाच दिसत नाही. खड्डा कुठे घ्यायचा ते ठेकेदाराच्या माणसाला ठरवू देऊ नकोस. खड्ड्यात पट्टी ठेवून फोटो काढ. तोंडी सूचना आली की त्याच संध्याकाळी टिपणी लिहून वर पाठव. अंदाजपत्रकाची एक प्रत न मागता ग्रामपंचायतीत दे. आणि गावकऱ्यांना सांग, की २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने त्यांना नुसते कागदच मिळत नाहीत, तर कामाची पाहणी करायचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे. तुझी बदली झाली तरी हे माहीत असलेली माणसं गावातच राहतात.

बदली होईल. माझीही झाली होती, पोरांच्या परीक्षा तोंडावर असताना. घरखर्च पगारातच बसव, म्हणजे बदलीची भीती घालून तुला कोणी वाकवणार नाही. ऑफिसात तुझ्यासारखा विचार करणारं आणखी एक माणूस शोध. बहुधा तो एखादा अबोल लेखा कारकून असतो.

पहिल्या रस्त्याचा मुरूम पडला की कळव. मी पहाटेच्या एसटीने येतो. खड्डा तू घे, पट्टी मी धरतो.

तुझा,
सर