पडदा गेल्यावर खात्री कशाने करायची?

ऑगमेंटेड रिअॅलिटी आणि स्क्रीनविना चालणारी उपकरणे या विषयावर गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमचे उद्यमनगरात मशीनशॉप आहे. मुलाचे म्हणणे असे की काही वर्षांत मोबाइल जाईल, सगळे चष्म्यातच दिसेल, तेव्हा कारागिरांसाठी असे चष्मे आताच घ्यावेत. घ्यावेत का?
(एक उद्योजक, शिवाजी उद्यमनगर)

आताच घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र चिरंजीवांचा रोख चुकला आहे असे समजू नका. समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेले चित्र किंवा मजकूर नेमक्या जागी बसवून दाखवणे म्हणजे ऑगमेंटेड रिअॅलिटी. डोक्यावर घालण्याचा पहिला नमुना आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत करून दाखवला. त्याची जुळणी इतकी अवजड होती की ती छताला टांगावी लागे. परंतु 'ऑगमेंटेड रिअॅलिटी' हे नाव पुढे आले ते कारखान्यातून. बोइंग कंपनीत विमानाच्या तारांच्या जुड्या मोठ्या फळ्यांवर बांधल्या जात, आणि कारागिराची नजर दिवसभर नकाशावरून फळीवर आणि फळीवरून नकाशावर फिरत राही. तारेचा मार्ग थेट फळीवरच दिसला तर हा फेरा वाचेल, या विचारातून टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये आपला शोधनिबंध मांडला. आपल्या कारखान्यात ड्रॉइंग एका हातात आणि जॉब (घडवायचा भाग) दुसऱ्या हातात धरून उभा असलेला फिटर आठवा. अडचण तीच आहे.

मग अडते कोठे? चित्र नेमक्या जागी बसण्यासाठी चष्म्यातील कॅमेरा समोरच्या वस्तूंचे कोपरे, कडा आणि ठिपके ओळखून ठेवतो, त्याच वेळी मान किती वळली हे आतील संवेदक मोजतात, आणि या दोन्हींच्या आधारे आपण नेमके कोठे उभे आहोत याचा हिशेब सेकंदात अनेकदा केला जातो. नुकताच फेस केलेला (कापून सपाट केलेला) लखलखीत जॉब, कूलंटचे (थंडावा देणाऱ्या द्रवाचे) तुषार, फेटलिंगच्या (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) ठिणग्या आणि दर क्षणी हलणारे प्रतिबिंब या हिशेबाला पोषक नाहीत. दुसरी मर्यादा प्रकाशाची आहे. आरपार दिसणारा चष्मा खऱ्या दृश्यात केवळ प्रकाशाची भर घालू शकतो, त्याला काळा रंग दाखवता येत नाही. म्हणून दारातून ऊन आत येणाऱ्या शेडमध्ये त्यातील रेषा फिकट होऊन जातात.

तिसरे कारण व्यवहाराचे. कारखान्यांना डोळ्यांपुढे ठेवून विकल्या गेलेल्या दोन प्रमुख चष्म्यांपैकी गूगल ग्लासची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबली आणि मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चे उत्पादन २०२४ मध्ये बंद केले. होलोलेन्स २ ची मूळ किंमत ३,५०० डॉलर होती. ज्या यंत्राचा सुटा भाग चार वर्षांनी मिळणार नाही, असे यंत्र आपण लेथच्या बाबतीत कधीच घेतले नसते.

त्याऐवजी एक प्रयोग सुचवतो. दोन्ही हात गुंतलेले असतात, नजर जॉबवरच ठेवावी लागते आणि तरीही ड्रॉइंग वारंवार पाहावे लागते, असे एकच काम निवडा. त्याच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून साध्या टॅबलेटवर, मशीनशेजारी स्टँडवर लावून महिनाभर वापरा. टॅबलेटने चुका कमी झाल्या नाहीत, तर चष्म्यानेही होणार नाहीत, कारण दोष सूचना लिहिण्यात असेल. आणि हे करताना आपल्याकडील टॉर्क पान्याकडे, म्हणजे नट-बोल्ट ठरावीक जोराने आवळण्याच्या पान्याकडे, जरा नीट पाहा. ठरलेला जोर आला की तो 'टक्' असा आवाज देतो आणि हाताला झटका जाणवतो. त्याला पडदा नाही, तरीही काम पूर्ण झाल्याची खात्री कारागिराला त्याच क्षणी, त्याच हातात मिळते. स्क्रीनविना चालणाऱ्या कोणत्याही उपकरणाची परीक्षा मी याच पान्याशी ताडून घेतो, आणि पुढील उत्तरांतही तोच निकष लावला आहे.

प्रश्न : माझे वय ५८ आहे आणि डोळ्यांना दोन नंबरांचा चष्मा आहे. नातेवाइकांकडे असा एक हेडसेट घालून पाहिला तर दहा मिनिटांत डोळे दुखू लागले. हा वयाचा दोष की यंत्राचा?
(एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी)

बहुतांशी यंत्राचा. आपण जवळची वस्तू पाहतो तेव्हा दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि डोळ्यातील भिंगही त्याच अंतरासाठी आपला आकार बदलते. लहानपणापासून या दोन क्रिया जोडीने चालतात. हेडसेटमध्ये मात्र चित्र कितीही जवळ भासले, तरी त्याचा प्रकाश एका ठरावीक अंतरावरून आल्यासारखा असतो. होलोलेन्समध्ये ते अंतर सुमारे दोन मीटर ठेवले होते. परिणामी डोळे वळतात एका अंतरासाठी आणि भिंगाला जुळवून घ्यावे लागते दुसऱ्याच अंतराशी. ही ओढाताण तरुणांनाही जाणवते. आपल्या वयात भिंगाची लवचिकता कमी झालेली असतेच, त्यात दोन नंबरांच्या चष्म्यावर हेडसेट बसवला तर आपण भिंगाच्या कोणत्या भागातून पाहत आहोत हेही कळत नाही. त्यासाठी नंबरानुसार वेगळी भिंगे आत बसवावी लागतात. वजनही आहेच. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये बाजारात आला तेव्हा बॅटरी वेगळी खिशात ठेवूनही डोक्यावर ६०० ग्रॅमहून अधिक भार राहत होता. डोळे दुखल्यावर आपण तो काढून ठेवला हे योग्यच केले.

प्रश्न : आमचा भाजीचा गाळा आहे. पैसे जमा झाल्याचे सांगणारा साउंडबॉक्स हाही स्क्रीनविना चालणारा इंटरफेस (यंत्राशी व्यवहार करण्याचे माध्यम) म्हणायचा का? आणि आपण मराठीत बोललेले यंत्राला पूर्ण कधी समजेल?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कपिलतीर्थ मंडई परिसर)

निश्चितच म्हणायचा, आणि माझ्या मते आपल्या देशात या प्रकारातील सर्वांत यशस्वी उपकरण तेच आहे. आपल्या वडिलांचे हात तराजूवर असतात, समोर चार गिऱ्हाइके असतात, आणि मोबाइल उघडून संदेश वाचण्यास सवड नसते. गिऱ्हाइकाने दाखवलेला पडदा खरा की बनावट, हे त्या गर्दीत ओळखता येत नाही. परंतु रक्कम जमा झाल्याचा संदेश डब्याला थेट मिळतो आणि तो मोठ्याने रक्कम सांगतो. टॉर्क पान्याच्या 'टक्' आवाजासारखीच ही खात्री आहे.

या तुलनेत ह्युमेन कंपनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२४ मध्ये तिने छातीवर लावण्याची एक पिन ६९९ डॉलरना विक्रीस आणली. ती बोललेले ऐकत असे आणि उत्तर तळहातावर लेसरने उमटवत असे. उत्तर मिळण्यास लागणारा वेळ, उन्हात न दिसणारी अक्षरे आणि चुकीची उत्तरे यांमुळे तिच्यावर टीका झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती सेवा बंद झाली. तिला सर्व कामे करायची होती; आपला साउंडबॉक्स एकच काम करतो, आणि ते पुरे करतो.

मराठी बोलणे समजण्याचा प्रश्न अधिक खोल आहे. गूगल असिस्टंट २०१८ पासून मराठीत उपलब्ध आहे आणि केंद्र सरकारचा 'भाषिणी' उपक्रम २०२२ पासून भारतीय भाषांसाठी काम करत आहे. तथापि यंत्र शिकते ते त्याला ऐकवलेल्या आवाजांतून. कोल्हापुरात कित्येक स्त्रिया 'मी आलो', 'मी गेलो' असेच म्हणतात, आणि त्यात व्याकरणाचा कोणताही दोष नाही. तो या बोलीचा स्वभाव आहे. प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र अशा वाक्यावरून बोलणाऱ्याला पुरुष समजेल आणि उत्तरही तसेच देईल. मोझिला संस्थेच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी वाक्ये वाचून आपला आवाज देता येतो. आपण आणि आपल्या मैत्रिणींनी तेथे आपल्या स्वाभाविक उच्चारात वाचन करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मी जन्मतः दृष्टिहीन आहे. 'स्क्रीनविना भविष्य' असे वाचले की वाटते, आमचे वर्तमान तर असेच आहे. या चर्चेत आम्ही कोठे आहोत?
(एक बँक कर्मचारी, शाहूपुरी)

आपण या चर्चेच्या अग्रभागी असायला हवे होते, आणि बहुतेक लेखांत आपला उल्लेखही नसतो याची मला खंत वाटते. पडद्यावर काय आहे ते वाचून ऐकवणारी आयफोनमधील व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमधील टॉकबॅक ही दोन्ही साधने २००९ मधील. म्हणजे काचेच्या सपाट पडद्याचा फोन न पाहता वापरण्याचा अनुभव आपल्या गाठीशी अनेक वर्षांचा आहे.

या कामात पुण्यात जन्मलेल्या आणि वाढलेल्या टी. व्ही. रामन यांचा मोठा वाटा आहे. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणित आणि पुढे आयआयटी मुंबईत शिक्षण घेऊन ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले, आणि १९९४ मध्ये त्यांनी गणिताची समीकरणे अर्थपूर्ण रीतीने ऐकवणाऱ्या प्रणालीवर प्रबंध पूर्ण केला. गूगलमध्ये चार्ल्स चेन यांच्यासमवेत त्यांनी फोन न पाहता नंबर फिरवण्याची जी युक्ती काढली, ती मला फार महत्त्वाची वाटते. काचेवर पाचचे बटण शोधायचे कसे, कारण तेथे बोटाला लागणारा उंचवटाच नाही? त्यांनी प्रश्नच उलटवला : बोट प्रथम जेथे टेकेल, तोच पाच. तेथून वर डावीकडे सरकले की एक, खाली उजवीकडे सरकले की नऊ. माणसाने यंत्राची जागा शोधण्याऐवजी यंत्राने माणसाच्या बोटाची जागा मान्य केली.

रिझर्व्ह बँकेचे 'मणी' हे ॲप, जे जानेवारी २०२० पासून नोट कॅमेऱ्यासमोर धरल्यावर तिची किंमत सांगते, हेही माझ्या दृष्टीने ऑगमेंटेड रिअॅलिटीच आहे; समोरच्या वस्तूत माहितीची भर पडते, फक्त ती कानावाटे. चष्मे बनवणाऱ्यांनी प्रत्येक सूचना आवाज आणि स्पर्श यांतूनही द्यावी, आणि कोणतीही क्रिया अंतिम होण्यापूर्वी ती ऐकवून होकार घ्यावा, ही मागणी आपल्यासारख्या अनुभवी वापरकर्त्यांकडून पुढे आली पाहिजे. बँकेतील आपले काम लक्षात घेता, रक्कम ऐकताना एकच कान मोकळा ठेवावा लागत असेल तर हाडांवाटे ध्वनी पोहोचवणारे हेडफोन जरूर वापरून पाहावेत. त्यात दोन्ही कान समोरच्या ग्राहकासाठी खुले राहतात.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून पन्हाळ्यावर जुने बांधकाम मोबाइलमधून दाखवणारे ॲप करायचे आहे. काय काळजी घ्यावी?
(दोन विद्यार्थी, कोल्हापूर)

जीपीएसवर विसंबू नका. काही मीटरची चूक त्यात गृहीतच असते, आणि तेवढ्याने आपली तटबंदी दरीवर तरंगताना दिसेल. स्थान ढोबळमानाने जीपीएसने ठरवून पुढची जुळणी कॅमेऱ्याने करावी. तीन दरवाजाचे कोरीवकाम या जुळणीसाठी उत्तम आहे, कारण कोपरे आणि कडा भरपूर मिळतात. अंबरखान्याच्या, म्हणजे जुन्या धान्यकोठाराच्या, बाहेरील भिंतींवर ती कितपत टिकते हे सकाळी आणि दुपारी वेगवेगळे तपासा, कारण सावल्या बदलल्या की कॅमेऱ्याने ओळखून ठेवलेली खूणही बदलते. अंधारबाव या विहिरीच्या आत मात्र कॅमेरा निरुपयोगी ठरेल. तेथे चित्राचा हट्ट सोडून प्रवेशद्वारापाशीच फोन खिशात ठेवायला सांगा आणि विहिरीची रचना पायरीगणिक आवाजात ऐकवा. सज्जा कोठीजवळ आणि तटावर वापरकर्ता चालत असेल तोवर पडदा आपोआप बंद राहील, अशी व्यवस्था पहिल्याच आवृत्तीत करा. चालणे थांबले की एक छोटे कंपन देऊन मगच चित्र दाखवा.