वडिलांचं नाव फॅटी लिव्हरच्या संशोधनात घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, राजापूरजवळ गावी राहतात, साखर आहे, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर आलं. मुंबईच्या एका रुग्णालयाच्या अभ्यासात नाव द्या असं डॉक्टर म्हणतात. ‘अंगावर प्रयोग करतील’ म्हणून आईची ना आहे. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘बाबा दारू पीत नाहीत, संध्याकाळी माडी घेतात तेवढीच.’

द्या नाव. नुसती तपासणी आणि ठरावीक महिन्यांनी पाठपुरावा असेल, तर जाणार काय, दोन-तीन नळ्या रक्त आणि प्रवासाचा एक दिवस. बाहेर पैसे मोजून करावा लागणारा फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) तिथे बहुधा फुकट होतो.

पण तुमच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात यकृताच्या अभ्यासांसाठी माहिती गोळा करण्याचं काम मी करतो आणि या एका गोष्टीवरून वरिष्ठांशी भांडलोही आहे.

आमच्या छापील अर्जात एक रकाना होता: मद्यपान, हो की नाही. किनाऱ्यावरच्या एका गावात एका खलाशाला विचारलं. ‘दारू नाय हो. सांजची माडी, तीच काय ती.’ माझ्या सोबतच्या सहकाऱ्याने ‘नाही’वर खूण केली. मी खलाशाच्या घरून त्याचा रोजचा तांब्या मागवला, पाण्याने काठोकाठ भरला आणि मोजपात्रात ओतला. पाऊण लिटर. रोज असे दीड तांबे. पहाटे माडावरून उतरवलेली माडी संध्याकाळपर्यंत आंबते, तिच्यात अल्कोहोल ४ टक्के धरलं तरी ११२५ मिलीत ४५ मिली शुद्ध अल्कोहोल, त्याला ०.७९ ने गुणा, म्हणजे ३५ ग्रॅम. आठवड्याचे जवळपास २५०.

२०२३ साली या आजाराचं नाव आणि वर्गीकरण बदललं. पुरुषाला आठवड्याला २१० ग्रॅमपर्यंत (बायकांना १४०) ‘मॅसल्ड’, म्हणजे साखर-वजन-चरबीशी जोडलेला फॅटी लिव्हर. त्यावर ४२० पर्यंत (बायकांना ३५०) ‘मेट-एएलडी’, म्हणजे तेच दुखणं अधिक दारू. म्हणजे अर्जात ‘न पिणारा’ म्हणून बसलेला माणूस एका तांब्याच्या मापाने दुसऱ्या गटात गेला. तुलनेसाठी सांगतो, इंग्लिश दारूच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६१ ग्रॅम असतात. रोज अर्धी क्वार्टर म्हणजे आठवड्याला २१३. रोज लिटरभर शिळी माडी म्हणजे २२०च्या आसपास. यकृताला दोन्हींत फरक कळत नाही.

वरिष्ठ म्हणाले, ‘गावचे लोक खोटं बोलतात, एवढं खणत बसू नका, आहे तेवढं भरा.’ खोटं कोणी बोललं नव्हतं. माडी केंद्रावर उजळ माथ्याने बसून पितात, लपवायचं काय त्यात? विचारणाऱ्यालाच विचारता येत नव्हतं. विचारायचं असं: माडी, ताडी, हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू), फेणी, गावठी, बिअर, इंग्लिश, एकेक नाव घेऊन, कुठल्या भांड्याने आणि आठवड्यातून किती दिवस. शिवाय कुठल्या महिन्यात. सिंधुदुर्गात काजूच्या हंगामात हुर्राक निघते, मार्च ते मे. ऑगस्टमध्ये जाऊन ‘गेल्या महिन्यात किती?’ विचारलं तर उत्तर शून्यच येणार. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खलाशी घरी. तेव्हाचा आकडा वेगळा, होडी समुद्रात असतानाचा वेगळा.

हे नीट नोंदलं नाही की पुढे घोळ होतो. औषधाच्या अभ्यासात नाव घातल्यावर डॉक्टर रागावतात म्हणून माणूस आपणहून माडी कमी करतो. सहा महिन्यांनी एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) उतरलेला दिसतो, खोटी म्हणजे औषध नसलेली गोळी मिळालेल्या गटातही. मग ते श्रेय औषधाचं की सोडलेल्या माडीचं, सांगणार कसं? काही अभ्यासांत आता पेथ नावाची रक्ततपासणी असते. गेल्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं तिच्यात उमटतं. ती असेल तर वडिलांना आधीच सांगून ठेवा, नंतर अवघडल्यासारखं नको.

काढ्यांचंही तेच. ‘औषध काही नाही’ म्हणणाऱ्याच्या ओट्यावर गुळवेलीची कांडी भिजत घातलेली असते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृतसुजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, तो वाद बाजूला ठेवा. अभ्यासाच्या दृष्टीने नियम सरळ आहे: पोटात जातं ते सगळं सांगायचं, डबा-बाटली सोबत न्यायची.

आता वडिलांच्या रिपोर्टांकडे. ग्रेड २ म्हणजे चरबी किती ते. यकृत किती कडक झालंय ते त्यावरून कळत नाही, आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. घरबसल्या फिब-४ काढा, म्हणजे कडकपणाचा अंदाज देणारा आकडा: वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखाच रक्ततपासणीतला दुसरा आकडा), भागिले प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, १.९ लाख म्हणजे १९०. लोक १.९ घालतात आणि उत्तर १८६ आलं म्हणून घाबरतात. समजा एसजीओटी ४८, एसजीपीटी ६२, प्लेटलेट १९०, तर उत्तर १.८६. १.३ च्या खाली निर्धास्त, २.६७ च्या वर लगेच पोटविकारतज्ज्ञ, मधल्यांना फायब्रोस्कॅन. पासष्टी ओलांडली की खालची मर्यादा २.० धरतात.

यात आपल्याकडचा पावसाळा आडवा येतो. भातलावणीनंतर लेप्टोस्पायरोसिसचा ताप, डेंग्यू. दोन्हींत प्लेटलेट पडतात, एसजीओटी चढतं. वरच्याच उदाहरणात नुसत्या प्लेटलेट ९० वर आल्या तरी फिब-४ जवळपास ४ होतो आणि चांगल्या माणसाला सिरॉसिसची भीती घालतात. ताप येऊन गेला असेल तर सगळे आकडे स्थिरावेपर्यंत ही तपासणी नकोच. गावातून शहरात नमुना पाठवतानाही गडबड होते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त नीट हलवलं नाही तर प्लेटलेट गोळा होऊन कमी दिसतात, लाल पेशी फुटल्या तर एसजीओटी वाढलेलं दिसतं. विचित्र आकडा आला की आधी पुन्हा रक्त द्या, मग रडा.

फायब्रोस्कॅनआधी निदान ३ तास पोटात काही नको. चहासुद्धा. शिबिरात आल्या आल्या चहा-बिस्किट पुढे करतात, नाही म्हणायचं. जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. रिपोर्टवर तीन गोष्टी बघा: १० मापं घेतली का, आयक्यूआर आणि मीडियनचं प्रमाण (म्हणजे मापं एकमेकांपासून किती विखुरली ते) ३० टक्क्यांच्या आत आहे का, आणि पोट सुटलेलं असेल तर एक्सएल प्रोब (जाड अंगासाठीचा मोठा प्रोब) वापरला का. कडकपणा ८ किलोपास्कलखाली असेल तर बरं, १२ च्या वर पुढच्या तपासण्या.

आईच्या शंकेबद्दल: अभ्यास औषधाचा असेल तर तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, हे मी आधीच म्हणायला हवं होतं. मग सीटीआरआय (चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, संमतीपत्र मराठीत मागा आणि त्याची प्रत घरी आणा. त्यावर एथिक्स कमिटीचा (अभ्यासात लोकांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीचा) संपर्क असायला हवा. अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार द्यावे लागतात, चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाईही. तपासणीसाठी यकृताचा छोटा तुकडा (बायोप्सी) काढणार का, किती वेळा, हे सहीआधी विचारा. उत्तर टोलवलं तर सही करू नका.

आणखी एक, वडील खरंच भरपूर पीत असतील तर संशोधनाच्या नादात एका रात्रीत बंद करायला लावू नका. हातपाय थरथरणं, झटके, भ्रम, सगळं होऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

पाठपुराव्याच्या तारखांना सहसा थोडे दिवस मागेपुढे चालतं, पण गणपतीच्या आठवड्यात किंवा शिमग्यात तारीख पडत असेल तर नाव घालतानाच बदलून घ्या. त्या दिवसांत राजापूरहून मुंबईला उलटं कोणी जात नाही, आणि चुकलेल्या भेटीमुळे अभ्यासातलं नाव कटतं.